माती धुतल्यावर खाली बसणारी काळी रेव: बॅटरीचे धातू त्यात आहेत का, हे कसे तपासावे

सोनाराच्या दुकानातला केरही विकला जातो, हे विटा-खानापूर भागातल्या गलाईवाल्यांना सांगायला नको. पण तो केर डोळ्यांनी बघून कोणी घेत नाही. आधी नमुना काढतात, कस लावतात, मग भाव ठरतो. मातीच्या खाणीत उरणाऱ्या रेवेला, खड्यांना आणि गाळालाही हाच नियम लावायचा आहे. सातारा-सांगलीत माती खणणाऱ्या, धुणाऱ्या आणि गाळणाऱ्या माणसाने ही तपासणी कमी खर्चात आणि स्वतःला न फसवता कशी करावी, ते पुढे दिले आहे.

आधी लिथियमचा विषय संपवू

चिनी मातीच्या खाणीतून लिथियम काढण्याची बातमी येते ती मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक फ्रान्समधले बोव्हार. तिथल्या केओलिनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, जुन्या खाणीखालच्या ग्रॅनाइटमधून लिथियम काढण्याचा प्रकल्प इमेरिस कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केला. त्याच खाणीत माती धुताना कथिल आणि टँटलमचे जड खनिजही जोडउत्पादन म्हणून वेगळे काढले जात आले आहे. दुसरे ठिकाण इंग्लंडचे कॉर्नवॉल. दोन्हीकडे मूळ खडक ग्रॅनाइट आहे. त्यातले फेल्डस्पार हे खनिज कुजून पांढरी माती होते आणि लिथियम धरून ठेवणारा अभ्रक मागे राहतो. माती धुतली की हा अभ्रक टाकाऊ गाळात जातो, म्हणून तिथे तो गाळच कच्चा माल ठरू शकतो.

आपल्या पायाखाली ग्रॅनाइट नाही, दख्खनचा बेसाल्ट आहे. बेसाल्टमध्ये लिथियम साधारण ५ ते १० पीपीएम, म्हणजे टनाला ५ ते १० ग्रॅम. अमेरिकेत नेवाडातल्या थॅकर पासची माती लिथियमसाठी खणतात, तिथे हे प्रमाण ३००० पीपीएमच्या आसपास आहे. एका टनात १० ग्रॅम लिथियम धरले आणि त्यातला कणही वाया गेला नाही असे मानले, तरी हाती ५३ ग्रॅम लिथियम कार्बोनेट येते. त्यासाठी लागणारे आम्ल, इंधन आणि पाणी याच्या कितीतरी पट महाग पडते.

जम्मूच्या रियासीचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे ५९ लाख टन साठा जाहीर झाला, आणि तोही बॉक्साइट-मातीच्या थरात. मग आपल्या जांभ्यात का नसावा, असा प्रश्न येतो. दोन गोष्टी लक्षात घ्या. तो आकडा लिथियम असलेल्या खनिजाचा आहे, निव्वळ धातूचा नाही, आणि तो प्राथमिक शोधाच्या पातळीवरचा अंदाज आहे. शिवाय तिथले बॉक्साइट चुनखडी जातीच्या खडकावर बसलेले आहे, आपले बेसाल्टवर. मूळ खडक वेगळा, तर त्याच्या मातीत उरणारे धातूही वेगळे.

मग आपल्या मातीत शोधायचे काय?

बेसाल्टमध्ये टायटॅनियम ऑक्साइड २ ते ३ टक्के असते. व्हॅनेडियम साधारण ३०० ते ४०० पीपीएम, निकेल ५० ते १२० पीपीएम, कोबाल्ट ४० ते ५५ पीपीएम आणि मँगनीज ऑक्साइड ०.१५ ते ०.२ टक्का. व्हॅनेडियम मोठ्या, एका जागी बसवायच्या बॅटऱ्यांत लागते. निकेल, कोबाल्ट आणि मँगनीजही बॅटऱ्यांत लागतात. खडक कुजताना हे धातू मातीत सारखे पसरत नाहीत, ते दोन घरे धरतात.

पहिले घर म्हणजे चुंबकाला चिकटणारी काळी रेव. तिच्यातली मॅग्नेटाइट (लोहाचे) आणि इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचे) ही खनिजे सहजासहजी कुजत नाहीत. बेसाल्टमधले व्हॅनेडियम बरेचसे मॅग्नेटाइटच्या कणांतच असते. कृष्णा-कोयनेच्या पोयट्यात, ओढ्याच्या वळणावर आणि माती गाळायच्या टाक्याच्या तळाशी ही रेव जमते.

दुसरे घर म्हणजे मँगनीजच्या काळ्या गाठी आणि भेगांतला काळा लेप. मँगनीज ऑक्साइड कोबाल्ट आणि निकेल स्वतःकडे ओढून धरते. जांभ्याच्या थरात हे वरच्या कडक भागात फारसे सापडत नाही. ते खाली, मऊ मातीचा थर कुजक्या खडकाला टेकतो तिथे सापडते. काळ्या जमिनीत खालच्या थरात मोहरीपासून हरभऱ्याएवढ्या ज्या काळ्या गोळ्या लागतात, त्यांतल्या काही अशाच असतात. बाकीच्या गोळ्या चुनखडीच्या, वरून काळपटलेल्या.

महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून संवेदनशील क्षेत्र आहे आणि कासचे पठार जागतिक वारशात आहे. तिथे कुदळही मारायची नाही. हे सगळे परवानगी असलेल्या चालू खाणीसाठी आणि गाळणीच्या टाक्यांसाठी आहे.

नमुना: इथेच बहुतेक जण चुकतात

खाणीत फिरून चकाकणारे काळे तुकडे वेचायचे आणि प्रयोगशाळेला पाठवायचे, ही सर्वांत महाग चूक. अहवाल झकास येतो आणि तो खाणीचा नसतो, त्या चार तुकड्यांचा असतो. पद्धत अशी:

१. खाणीच्या उभ्या भिंतीवरचा सैल, पावसाने वाहून आलेला थर आधी खरवडून काढा.
२. वरून खाली १० सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर खोल चर पाडा. दर मीटरला, किंवा मातीचा रंग बदलेल तिथे, नवा नमुना सुरू करा. एका नमुन्यात कमीत कमी ५ किलो माती घ्या. चराखाली स्वच्छ ताडपत्री धरा आणि चरातली सगळी माती घ्या, निवडून नाही.
३. पिशवी जाड प्लॅस्टिकची असावी. चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक लावा: तारीख, गट क्रमांक, वरून किती खोल. आतली चिठ्ठी ओलाव्याने पुसते, म्हणून ती वेगळ्या छोट्या पिशवीत घाला.
४. वाळवून ढेकळे फोडा. मातीचा शंकूसारखा ढीग करा, माथा दाबून चपटा करा, चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग ठेवा, दोन बाजूला काढा. अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू द्या. त्यातला अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा घरी राहतो.
५. दर दहाव्या नमुन्याची दुसरी पिशवी वेगळ्या क्रमांकाने पाठवा, आणि सोबत पांढऱ्या गारेची एक पिशवी घाला. दोन जुळ्या पिशव्यांचे आकडे जुळले नाहीत, किंवा गारेत कोबाल्ट निघाला, तर गडबड प्रयोगशाळेत किंवा नमुना वाटण्यात आहे, तुमच्या खाणीत नाही.

एक बारकावा. नमुना कशात दळतात, हे आधी विचारा. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळला तर भांड्यातलाच कोबाल्ट नमुन्यात उतरतो. कोबाल्ट तपासायचा असेल तर अ‍ॅगेटचे, म्हणजे अकीक दगडाचे, भांडे मागा.

धुणे

लागते ते असे: २०० लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप, एक इंची रबरी नळी, २ मिलिमीटरची चाळण, प्लॅस्टिकचे घमेले, अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि दोन चुंबक. एक जुन्या स्पीकरमधला साधा, दुसरा निओडायमियमचा. घमेले लोखंडी घेऊ नका, चुंबक त्यालाच चिकटून बसतो.

वाळलेली २० किलो माती १८० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी चांगली ढवळा, ढेकूळ राहता कामा नये. सगळे २ मिलिमीटरच्या चाळणीतून दुसऱ्या पिंपात घ्या. चाळणीवर राहिलेले खडे आणि गोळ्या धुऊन बाजूला ठेवा, त्यांची पाळी नंतर येते.

पिंप पुन्हा ढवळून थांबा. स्वच्छ पाण्यात ५० मायक्रॉनचा वाळूचा कण ३० सेंटिमीटर खाली जायला सव्वादोन मिनिटे घेतो. गढूळ पाण्यात त्याला जास्त वेळ लागतो, म्हणून ४ मिनिटे थांबा आणि वरचे ३० सेंटिमीटर पाणी नळीने काढा. मॅग्नेटाइट वाळूच्या साधारण अडीचपट वेगाने खाली जाते, तेव्हा ते वरच्या पाण्यातून निसटण्याची भीती कमी. पाणी भरा, ढवळा, थांबा, काढा. पाच-सहा वेळा केल्यावर वरचे पाणी जवळजवळ स्वच्छ दिसू लागते आणि तळाशी रेव उरते.

इथे दोन अडचणी येतात. पहिली, विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी. त्यातला चुना मातीच्या कणांचे गठ्ठे करतो, ते भराभर खाली बसतात आणि रेवेत मिसळतात. ओळखायचे कसे? काचेच्या ग्लासात ढवळून अर्धा तास ठेवा. वरचे पाणी लख्ख आणि खाली फुगीर थर दिसला, की गठ्ठे होत आहेत. पावसाचे पाणी वापरा, किंवा २० किलो मातीला ४० ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट आधी कोमट पाण्यात विरघळवून घाला. दुसरी अडचण घाईची. चार धुण्यांत काम आटोपले तर काळ्या मातीचा चिकट लेप रेवेवर राहतो, वाळल्यावर त्याचे गोळे होतात आणि पुढे चुंबक काहीही उचलू लागतो.

चुंबक, मोरचूद आणि हायड्रोजन पेरॉक्साइड

रेव वाळवून वजन करा. मग घमेल्यात पातळ पसरा. साधा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवा, चिकटलेले वेगळ्या ताटात नेऊन पिशवी उलटी करा, सगळे सुटून पडते. चिकटलेल्या कणांबरोबर साधी वाळूही उचलली जाते, म्हणून हे तीनदा करा. रेव फार बारीक असेल तर पाण्याखाली करा, जास्त स्वच्छ निघते. उरलेल्या रेवेवर निओडायमियमचा चुंबक फिरवला की इल्मेनाइटसारखे मंद चिकटणारे कण येतात. दोन्ही भाग वेगळे ठेवा आणि वेगळे तोला.

चिकटले म्हणजे मॅग्नेटाइट, असे नाही. कुजक्या बेसाल्टचे कणही चिकटतात, कारण त्यांत मॅग्नेटाइटचे ठिपके असतात. दहापट भिंगाखाली मॅग्नेटाइट काळे आणि चमकदार दिसते, बेसाल्टचा कण राखाडी-तपकिरी आणि मळकट. मळकट कण जास्त असतील तर खलून बारीक करा आणि पुन्हा चुंबक फिरवा.

दुसरा लबाड पाहुणा म्हणजे जेसीबीच्या दातांचे आणि ट्रॉलीचे लोखंड. ते ओळखायला तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरात जे असतेच ते पुरते: मोरचूद. ग्लासभर पाण्यात चमचाभर मोरचूद विरघळवून चिमूटभर चुंबकी रेव टाका. लोखंडाच्या कणांवर दहा मिनिटांत तांब्याचा लाल मुलामा चढतो, मॅग्नेटाइट काळेच राहते. लाल कण बरेच दिसले तर तो नमुना टाकून द्या आणि हाताने खणून नवा घ्या.

चाळणीवरच्या काळ्या गोळ्यांसाठी औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. गोळी फोडून त्यावर दोन थेंब टाका. मँगनीज असेल तर लगेच जोरात फेस येतो. लोहाच्या गोळीवर फेस येत नाही किंवा अगदी मंद येतो. काळ्या मातीतला कुजका पालापाचोळाही सावकाश फेस देतो, म्हणून गोळी धुऊनच तपासा. चुनखडीची गोळी पेरॉक्साइडला दाद देत नाही, पण लिंबाच्या रसात तिची पूड बुडबुडे सोडते. हातमोजे आणि चश्मा घाला. आणि हा खेळ इथेच थांबवा. गलाईच्या भट्टीशेजारी नायट्रिकची बाटली असते म्हणून माती त्यात घालून बघायचा मोह होतो. त्यातून धूर निघेल, ज्ञान नाही.

कॅरेट मीटरवर विश्वास ठेवू नका

सराफाकडचे कॅरेट मीटर आणि भंगारवाल्याकडचे पिस्तूलसारखे यंत्र दोन्ही एक्सआरएफवर चालतात, म्हणजे क्ष-किरण टाकून परत येणाऱ्या किरणांच्या रेषांवरून धातू ओळखतात. असली हातातली यंत्रे लिथियम दाखवू शकत नाहीत, तो धातू त्यांच्यासाठी फार हलका आहे. त्यामुळे अशा यंत्रावर कोणी लिथियमचे टक्के दाखवले तर तो माणूस तुम्हाला काहीतरी विकायला आलेला आहे.

जड धातूंतही दोन सापळे आहेत. टायटॅनियमची एक रेषा व्हॅनेडियमच्या रेषेवर जवळजवळ बसते, लोहाची एक रेषा कोबाल्टच्या रेषेशेजारी. आपल्या रेवेत टायटॅनियम भरपूर आणि आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर. परिणामी नसलेले व्हॅनेडियम आणि नसलेला कोबाल्ट पडद्यावर शेकडो पीपीएममध्ये उमटतो. जांभ्यात कोबाल्ट सापडल्याच्या गप्पा अशाही जन्माला येतात.

म्हणून तपासणी आयसीपी (विरघळवलेला नमुना प्लाझ्माच्या ज्योतीत नेऊन धातू मोजण्याच्या) पद्धतीची मागा. त्यात नमुना आधी विरघळवावा लागतो. फक्त अ‍ॅक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवला तर मॅग्नेटाइट-इल्मेनाइटचा काही भाग तसाच राहतो आणि आकडा कमी येतो. चार आम्लांचे विघटन किंवा सोडियम पेरॉक्साइडचे वितळण, असे अर्जात स्पष्ट लिहा. आयआयटी मुंबईच्या उपकरण केंद्रात आयसीपीची सोय आहे, खासगी प्रयोगशाळाही आहेत. पाठवताना तीन भाग वेगळे पाठवा: मूळ माती, चुंबकी रेव आणि काळ्या गोळ्या. फक्त रेवेचा आकडा घेऊन काही ठरवता येत नाही.

हिशेब

समजा २० किलो मातीतून २६० ग्रॅम चुंबकी रेव निघाली, म्हणजे १.३ टक्के. प्रयोगशाळेने तिच्यात ०.४ टक्का व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, म्हणजे व्हॅनेडियमचे ऑक्साइड, दाखवले. तर एका टन मातीमागे १३ किलो रेव आणि तिच्यात ५२ ग्रॅम पेंटॉक्साइड. विटेला ३ किलोच्या हिशेबाने एक लाख विटांना ३०० टन माती लागते, तिच्यात १५ किलो ६०० ग्रॅम. हे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही भरा.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. चीनच्या पांझिहुआत मॅग्नेटाइटच्या मालात ०.५ ते ०.६ टक्का पेंटॉक्साइड असते, दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्डमध्ये १.५ टक्क्याच्या वर. पांझिहुआतही व्हॅनेडियमसाठी वेगळी खाण नाही: पोलाद बनवताना भट्टीत निघणाऱ्या मळीतून व्हॅनेडियम काढतात. मँगनीजचे तसेच. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मॉइल या सरकारी कंपनीची खाण आहे आणि बॅटरीच्या दर्जाचे मँगनीज डायऑक्साइड करणारा कारखानाही. तिथल्या खनिजापुढे आपल्या गोळ्यांची पोती कोणी उघडून बघणार नाही. निकेलच्या जांभ्यात साधारण १ टक्का निकेल आणि ०.१ टक्का कोबाल्ट असावे लागते. तो जांभा वेगळ्या, मॅग्नेशियमने भरलेल्या खडकावर तयार होतो, आपल्या बेसाल्टवर नाही.

तेव्हा विटांसाठी माती धुण्यात अर्थ नाही. वीट न धुतलेल्या मातीचीच होते आणि धुण्याचा खर्च विटेच्या भावात बसत नाही. कौले, चकाकीची भांडी, टाइल किंवा मूर्तीसाठी माती गाळत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे धुणे चालूच असते, आणि रेव काढल्याचा पहिला पैसा मातीतच मिळतो: मॅग्नेटाइट गेले की चकाकीवर काळे ठिपके पडत नाहीत, चुनखडीची गोळी गेली की भाजलेले भांडे नंतर चुना फुलून तडकत नाही. रेव पोत्यात भरून, वजन लिहून, कोरडी साठवा. कोळसा धुण्याच्या कारखान्यांना बारीक मॅग्नेटाइट लागते. व्हॅनेडियमपेक्षा ते गिऱ्हाईक जवळचे आहे.

रेवेतून धातू काढण्याची रीत माहिती म्हणून एवढीच: सोडा मिसळून १००० अंशांच्या आसपास भाजणे, पाण्यात विरघळवणे, अमोनियमच्या क्षाराने साका बसवणे, तो भाजून पेंटॉक्साइड करणे. पेंटॉक्साइडची धूळ फुप्फुसांना घातक आहे आणि सांडपाण्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. वीटभट्टीवर करायचे हे काम नव्हे.

परवाना

माती हे गौण खनिज आहे. तिची परवानगी तहसील आणि जिल्हा खनिकर्म कार्यालयातून, २०१३ च्या महाराष्ट्र गौण खनिज नियमांखाली मिळते. त्या परवानगीत फक्त माती येते. लिथियम, कोबाल्ट, निकेल, व्हॅनेडियम आणि टायटॅनियम २०२३ च्या दुरुस्तीपासून महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आहेत, त्यांच्या पट्ट्यांचा लिलाव केंद्र सरकार करते. २०२५ च्या दुरुस्तीने चालू खाणपट्ट्यात दुसरे खनिज जोडून घेण्याची सोय झाली आहे. मातीच्या परवान्याला ती कशी लागू होते, ते खनिकर्म अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. नमुने तपासायला हरकत येत नाही, रेवेचा ट्रक भरण्याआधी मात्र कागद हवा. विनापरवाना उत्खननाला महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आहे.

उरलेला गाळ

धुण्याचे पाणी ओढ्यात सोडू नका. खड्ड्यात साठवा. तुरटीची मात्रा आधी बाटल्यांत ठरवा: लिटरला ५०, १०० आणि २०० मिलिग्रॅम, अर्ध्या तासात ज्या बाटलीत पाणी निवळेल ती. निवळलेले पाणी पुन्हा धुण्याला चालते, पण तुरटीचे पाणी मातीचे गठ्ठे करते, त्यामुळे ते फक्त पहिल्या भिजवणीला वापरा.

गाळ शेतात टाकायचा असेल तर हेक्सामेटाफॉस्फेट घातलेला आणि न घातलेला वेगळा ठेवा. त्यात सोडियम असते, आणि कृष्णाकाठची कितीतरी जमीन आधीच क्षारपड आणि चोपण झालेली आहे. औषध घातलेला गाळ विटांच्या मातीत थोडा थोडा मिसळून संपवा. घरी ठेवलेले अर्धे नमुने मात्र टाकू नका. पुढच्या हंगामात खाण आणखी खोल गेली की नवे आकडे त्यांच्याशीच ताडून पाहावे लागतात.